आधी वाट सांडपाण्याची

बाथरूम नवं करायचं ठरलं, की आपली पहिली फेरी टाइल्सच्या दुकानात होते. रंग ठरतात, नळ ठरतात, कमोड कुठे शोभून दिसेल यावर घरात चर्चा झडते. मग मिस्त्री येतो, भिंतीकडे पाहतो आणि म्हणतो, "साहेब, पाइप या बाजूला आहे. तिकडे नाही जमायचं."

मिस्त्रीचं हे वाक्य सगळ्यांत आधी ऐकून घ्यायला हवं. नळाचं पाणी दाबाने येतं. त्याला भिंतीतून वर, खाली, आडवं, कुठेही नेता येतं. सांडपाणी मात्र फक्त उताराने जातं. म्हणून बाथरूमचा नकाशा पाणी बाहेर पडण्याच्या जागेपासून काढायला सुरुवात करावी.

आपल्या भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘मोरी’ म्हणजे पाणी वाहून जाण्याची वाट आणि मोरी म्हणजे धुण्या-आंघोळीची जागाही. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द आपल्या न्हाणीवरूनच गेला. मोहेंजोदडोच्या उत्खननात अनेक घरांच्या न्हाण्या रस्त्याकडच्या भिंतीला लागून सापडल्या. विटांची जमीन एका कोपऱ्याकडे उतरती आणि तिथून पाणी थेट गल्लीतल्या गटारात. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यानेही आधी गटार पाहिलं होतं.

आमच्या घरी हे काम निघालं ते अम्मीच्या गुडघ्यांमुळे. उकिडवं बसणं तिला जमेना. जुना संडास आणि शेजारची मोरी यांच्यामधली भिंत काढली, की ८ फूट लांब आणि ५ फूट रुंद जागा मिळत होती. दार दक्षिणेच्या भिंतीत, मधोमध. मैल्याचा उभा पाइप पश्चिमेच्या भिंतीबाहेर. पहिल्या आराखड्यात कमोड पूर्वेच्या टोकाला होता. दिसायला तो छान होता.

आता हिशेब पाहा. कमोडचा पाइप ४ इंची. त्याला साधारण ४० फुटांत १ फूट असा उतार देतात. उतार कमी पडला तर मैला साचतो. फार दिला तरी पाणी पुढे पळून जातं आणि मैला मागे राहतो. ८ फुटांच्या वाटेला जवळजवळ अडीच इंच उतार हवा. त्यात पाइपची जाडी, त्याचा बाक, वरचा कोबा आणि टाइल मिळवा. स्नानगृहापुरता स्लॅब खाली घेतलेला असतो, त्याला सन्कन स्लॅब म्हणतात. आमच्याकडे तो ८ इंचच खाली होता. एवढ्यात सगळं मावेना. फरशी तीन-चार इंच उचलावी लागणार, म्हणजे दारात पायरी येणार. जिच्यासाठी हे सगळं करायचं, तीच रात्री अंधारात त्या पायरीला अडखळणार. तो आराखडा तिथेच बाद झाला.

मग कमोड पाइपजवळ, पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून बसवावा, तर बसणाऱ्याची पाठ पश्चिमेला होते. आपल्याकडून किब्ला साधारण पश्चिमेला. शौचाला बसताना तिकडे तोंड किंवा पाठ करू नये, असा आमच्यात संकेत आहे. अम्मी काही बोलली नसती, पण रोज मनात अवघडली असती. गंमत म्हणजे वास्तुशास्त्र मानणाऱ्या शेजाऱ्यांनीही कमोड दक्षिणोत्तरच ठेवला होता. दोन्ही घरांच्या श्रद्धा वेगळ्या, पण मिस्त्रीपुढचा प्रश्न एकच!

उत्तर मिळालं ते कमोडच्या प्रकारात. ‘पी’ ट्रॅपच्या कमोडचा पाइप मागच्या भिंतीतून जातो, ‘एस’ ट्रॅपचा खाली जमिनीत. आम्ही ‘एस’ घेतला. तो उत्तरेच्या भिंतीला लावला आणि मध्य पश्चिमेच्या भिंतीपासून दीड फुटावर ठेवला. जमिनीतून पाइप वळवून उभ्या पाइपला जोडला. एकदम काटकोनात न वळवता ४५ अंशांचे दोन बाक घेतले, म्हणजे तुंबण्याची भीती कमी. वाट दोन फुटांची, उतार अर्ध्या-पाऊण इंचाचा. पायरी टळली, दिशाही साधली. कमोड घेण्याआधी भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून घ्या. ९ इंचांचा आणि १२ इंचांचा कमोड एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

पूर्वेकडची जागा आंघोळीला आणि वजूला ठेवली. वजू करताना पाय धुवावे लागतात. वॉश बेसिनमध्ये पाय उचलणं म्हाताऱ्या माणसाला धोक्याचं. म्हणून बसायला पक्का ओटा, समोर खाली नळ आणि भिंतीत धरायला दांडी. पायांशी न्हाणीची जाळी, आणि फरशीचा उतार दारापासून जाळीकडे. तिचा पाइप ३ इंची असल्यामुळे लांबून आणला तरी खोलगटीत मावला.

वासाचंही थोडं सांगतो. ट्रॅपच्या वाकात कायम सुमारे २ इंच पाणी उभं असतं. तेच गटाराच्या हवेला अडवतं. वाकड्या नळीतल्या पाण्याने वास अडवणाऱ्या अशा शौचकूपाचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यांनी घेतलं. ते व्यवसायाने घड्याळजी होते. हे पाणी दोन कारणांनी जातं. न्हाणी बरेच दिवस वापरली नाही तर ते सुकतं. तिथे अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावं. दुसरं, वरच्या मजल्यावरून जोरात पाणी खाली आलं की ते ओढलं जातं. ते होऊ नये म्हणून गच्चीवर हवेचा उघडा पाइप असतो. गच्चीचं काम करताना तो कापू नका, बुजवू नका.

शेवटची गोष्ट खालच्या शेजाऱ्याची. आपली फरशी म्हणजे त्याचं छत. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार बाथरूम खालच्या बाथरूमवर किंवा तशाच धुण्याच्या जागेवर असावी. इतर खोलीवर आली तर तिची जमीन जलाभेद्य हवी. मोरी सरकवून त्याच्या स्वयंपाकघरावर आणायचा मोह आवरा. भिंत काढण्याआधी इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावण्याआधी पाणी कोंडून किमान २४ तास ठेवा आणि खाली जाऊन छत पाहून या.

आणि पाइप झाकण्यापूर्वी त्यांचे फोटो काढा. मोजमापांसह एक कागद घराच्या कागदपत्रांत ठेवून द्या. वीस वर्षांनी पाणी झिरपू लागलं, तर कुठे फोडायचं हे त्या वेळच्या मिस्त्रीला तो कागद सांगेल.