औट्रम घाट आणि मालवाहतुकीचा एकच कक्ष

कन्नड आणि चाळीसगाव यांना जोडणाऱ्या औट्रम घाटात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये जड वाहनांना बंदी घातली, तेव्हा वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींतून या घाटाने खानदेशाकडे जाणाऱ्या ट्रकांना नांदगावमार्गे वळसा घेणे भाग पडले. ज्या कारखान्यात खरेदी विभाग कच्च्या मालाच्या आणि विक्री विभाग तयार मालाच्या गाड्या स्वतंत्रपणे ठरवतो, तेथे अशा वेळी भाड्याची घासाघीस दोनदा होते. शिवाय एकाचा ट्रक जळगावहून रिकामा परततो, त्याच दिवशी दुसरा तिकडूनच माल आणायला नवी गाडी पाठवतो. वाहतुकीचे केंद्रीकरण म्हणजे गाड्यांची मागणी, दरकरार, बिल्टी (वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती) आणि भाड्याची बिले एकाच कक्षाकडे सोपवणे. त्यातून परतीचा माल जुळतो, आणि फाटकावर खोळंबलेल्या गाडीचा आकार, म्हणजे हॉल्टिंग, जो एरवी कोणाच्याच खात्यात धड दिसत नाही, तोही उघडा पडतो. तातडीची छोटी गाडी ठरवण्याचा अधिकार मात्र कारखान्यातच राहिलेला बरा. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीत एक लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला सामान्यतः लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते आणि ती संपण्याच्या आधीच्या वा नंतरच्या आठ तासांतच वाढवता येते, म्हणून या कक्षात रात्रपाळीलाही माणूस लागतो.