नोटांच्या गाडीनंतरची दहा वर्षं

हिटलर सत्तेवर कसा आला, असं विचारलं की एक चित्र हमखास डोळ्यांसमोर येतं: हातगाडीभर नोटा आणि त्यांच्या मोबदल्यात एक पाव. चित्र खोटं नाही. पहिल्या महायुद्धाआधी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी पडू लागले. पगार हातात पडताच माणसं दुकानाकडे धावत, कारण सकाळच्या पैशांत संध्याकाळी तेवढा माल मिळत नसे.

पण तारखा जुळत नाहीत. त्याच महिन्यात, ८ तारखेला, हिटलरने म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये बंड पुकारलं. दुसऱ्या दिवशी ते आटोपलं आणि स्वारी तुरुंगात गेली. आठवडाभरात रेंटेनमार्क नावाचं नवं चलन आलं, भाव थांबले. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम २.६ टक्के मतं पडली.

महागाई गेली, पण तिने केलेली लूट विसरली गेली नाही. कैसरच्या सरकारने युद्धाचा खर्च बराचसा कर्जरोख्यांवर भागवला होता. शाळामास्तर, पेन्शनर, छोटे दुकानदार यांनी ते रोखे देशसेवा म्हणून घेतले, आणि सरकारचा कागद बुडत नाही म्हणूनही घेतले. १९२५ च्या कायद्याने त्यांच्या हातावर टेकवले शंभराला अडीच मार्क. कर्ज काढणाऱ्याचं कर्ज मात्र फुकटात फिटलं होतं. काटकसर करणाराच मूर्ख ठरला, ही सल सरळमार्गी घरांत राहून गेली.

मग १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. जर्मनीची सावरलेली घडी अमेरिकेच्या अल्पमुदतीच्या कर्जांवर उभी होती; ती परत मागितली जाऊ लागली. १९३२ च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा ६० लाखांवर गेला. चॅन्सलर हाइन्रिश ब्रुनिंग यांना पुन्हा नोटा छापण्याची धास्ती होती. त्यांनी पगार कापले, बेकारभत्ता कापला, कर वाढवले, आणि हे सारं संसदेला वळसा घालून, राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी. लोक त्यांना ‘भुकेचा चॅन्सलर’ म्हणू लागले. वटहुकमांवर देश चालतो, याची सवय जर्मनांना हिटलरच्या आधीच लागली होती.

बेकारांना भत्त्यासाठी रोजगार कचेरीत रांग लावून कार्डावर शिक्का मारून घ्यावा लागे. ‘शिक्का मारायला जाणं’ म्हणजे बेकार असणं, असा वाक्प्रचारच रूढ झाला. नाझींनी नेमका हाच माणूस आपल्या पोस्टरवर घेतला: ओढलेल्या, निस्तेज चेहऱ्यांची दाटी आणि खाली ‘आमची शेवटची आशा: हिटलर’. गंमत अशी की रांगेतल्या कामगारांचा ओढा कम्युनिस्टांकडे जास्त होता. त्या पोस्टरचा धसका घेतला तो ज्यांच्या हाती अजून कार्ड आलेलं नव्हतं त्यांनी. एकदा पुंजी गेलेली होतीच. आता दुकान, नोकरी किंवा शेत जायची पाळी होती. उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये शेतकरी जप्ती-लिलावांविरुद्ध काळे झेंडे घेऊन रस्त्यावर उतरले होते. तिथे जुलै १९३२ मध्ये निम्म्याहून अधिक मतं नाझींना गेली.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पीएच.डी.साठी बर्लिनमध्ये होत्या, तो काळ १९२८ ते १९३० चा. तेवढ्या अवधीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ झाल्या.

व्हर्सायच्या तहाने लादलेली युद्धभरपाई हा हिटलरच्या भाषणांतला हुकमी विषय. ती जुलै १९३२ मध्ये लोझान परिषदेत जवळजवळ निकालात निघाली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्याच्या पक्षाने ३७ टक्के मतं घेतली! पण नोव्हेंबरात ती ३३ टक्क्यांवर उतरली. पक्षाची तिजोरी रिकामी होती आणि मंदीही तळाला टेकल्याची चिन्हं दिसू लागली होती. हा ओसरता माणूस आपल्याला वापरता येईल, असा माजी चॅन्सलर फ्रान्झ फॉन पापेन यांचा हिशेब. त्यांनी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांची समजूत घातली. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सलर झाला, तेव्हा मंत्रिमंडळात त्याला धरून नाझी तिघेच होते. व्हाइस चॅन्सलरची खुर्ची पापेन यांनी स्वतःकडे ठेवली होती.