माइक नाकारणारा समालोचक

१९४६च्या उन्हाळ्यात थोरल्या नवाब पतौडींचा भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्याचा वृत्तान्त भारतात पोहोचवण्याचं काम बीबीसीनं कवितांचे कार्यक्रम करणाऱ्या एका निर्मात्यावर सोपवलं. त्याचं नाव जॉन आर्लट. पुढे साऱ्या इंग्लंडचा लाडका झालेला हा आवाज क्रिकेटसाठी पहिल्यांदा ऐकला तो भारतातल्या श्रोत्यांनी. विजय मर्चंट आणि विनू मंकड यांनी गाजवलेल्या त्या दौऱ्यावर आर्लट यांनी पुस्तकही लिहिलं.

त्यांचा जन्म १९१४चा, बेसिंगस्टोकचा. आधी मनोरुग्णालयात कारकुनी, मग १९३४ ते १९४५ साउदॅम्प्टनला पोलिसात नोकरी. बीबीसीवर तेव्हा उच्चभ्रू शाळांतली इंग्रजी चाले. आर्लट मात्र हॅम्पशायरच्या ठसक्यातच बोलत. एका वरिष्ठाला तो आवाज गावठी वाटला, पण त्यामागची बुद्धी पटली, आणि त्यांना माइक मिळाला.

ते फक्त धावा सांगत नसत. गोलंदाजाची धाव, कलता प्रकाश, कंटाळलेले प्रेक्षक, सारं दोन-चार शब्दांत उभं करत आणि मग गप्प बसत. न दिसणारं मैदान आवाजातून दिसतं म्हणजे काय, हे बाळ पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्यांना सांगायला नको.

लेखणीही तितकीच चालली. १९६८ ते १९८० ते ‘गार्डियन’चे क्रिकेट वार्ताहर होते. शिवाय वाइनवर लिहीत, कविता करत.

पण आर्लट मोठे ठरतात ते आणखी एका कारणानं. १९४८-४९च्या दौऱ्यात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद जवळून पाहिला. सरकारी अर्जावर ‘वंश’ या रकान्यात त्यांनी ‘मानव’ असं लिहिलं. १९५८ साली केपटाउनच्या बेसिल डॉलिव्हिएरा या गुणी खेळाडूचं त्यांना पत्र आलं. गोरा नसल्यामुळे त्याला मायदेशात कसोटीची दारं बंद होती; इंग्लंडमध्ये कुठे खेळता येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. आर्लट यांनी खटपट सोडली नाही. अखेर लँकेशायरच्या मिडलटन क्लबनं १९६०च्या हंगामासाठी त्याला ४५० पौंडांवर घेतलं.

पुढचा इतिहास मोठा आहे. डॉलिव्हिएरा १९६६मध्ये इंग्लंडकडून कसोटी खेळला. १९६८ला ओव्हलवर त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा केल्या, तरी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यातून त्याला आधी वगळलं गेलं. एक खेळाडू जायबंदी झाल्यावर त्याची निवड झाली, तेव्हा तिथले पंतप्रधान फोर्स्टर यांनी हा संघ नाकारला. दौरा रद्द झाला.

तरीही १९७०मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ इंग्लंडला बोलावण्याचा घाट घातला गेला. त्या सामन्यांचं समालोचन मी करणार नाही, असं आर्लट यांनी ‘गार्डियन’मध्ये जाहीर केलं. ज्या माइकवर पोट आणि कीर्ती दोन्ही अवलंबून, तोच नाकारायला धैर्य लागतं. शेवटी सरकारच्या विनंतीवरून तोही दौरा रद्द झाला.

२ सप्टेंबर १९८०ला लॉर्ड्‌सवर शतकमहोत्सवी कसोटीत ते शेवटचं बोलले. निरोपाचं भाषण नाही. नेहमीसारखं पुढच्या सहकाऱ्याचं नाव घेतलं आणि ते उठले. ध्वनिक्षेपकावर घोषणा होताच प्रेक्षकांसह मैदानातल्या खेळाडूंनीही टाळ्या वाजवल्या.

वर्णभेदामुळे बाहेर ठेवली गेलेली दक्षिण आफ्रिका १० नोव्हेंबर १९९१ला ईडन गार्डन्सवर भारताविरुद्ध खेळून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतली. १४ डिसेंबरला आल्डर्नी बेटावर आर्लट यांचं निधन झालं. इंग्लंड-दक्षिण आफ्रिका कसोटी मालिकेच्या चषकाला आज डॉलिव्हिएराचं नाव आहे.