विजेच्या दिव्यांची माळ : एक विझला कीं सर्व कां विझतात?

गणेशचतुर्थी किंवा दिवाळी चार दिवसांवर आली, कीं घरोघरीं माळ्यावरची पेटी खालीं उतरते आणि मागल्या वर्षीं गुंडाळून ठेवलेली विजेच्या दिव्यांची माळ बाहेर निघते. आमच्या हिमायतनगरांत, म्हणजे जुन्या वाढोण्यांत, महाशिवरात्रीस श्रीपरमेश्वराची यात्रा भरते, तेव्हांही रोषणाईची अशीच लगबग असते. माळ जोडावी, बटन दाबावें आणि एकही दिवा लागूं नये, हा अनुभव पुष्कळांचा आहे. मग ती माळ फेकली जाते. अथवा, आणि हें अधिक वाईट, घरांतील एखादा उत्साही मुलगा तारा तोडून जोडून ती कशीबशी चालू करतो. अशा माळेचा दोष कसा शोधावा, तो दूर कसा करावा आणि तें करतांना जीव कसा सांभाळावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

हल्लीं बाजारांत मिळणाऱ्या माळा बहुतेक एलईडीच्या असतात. त्यांची रचना निराळी. आजचें विवेचन तापलेल्या तारेनें उजळणाऱ्या जुन्या दिव्यांच्या माळांपुरतें आहे. ही कल्पना तशी जुनीच. १८८२ च्या डिसेंबरांत एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें न्यूयॉर्क येथील आपल्या घरीं नाताळच्या झाडावर ८० विजेचे दिवे लावले होते.

देवळापुढील दगडी दीपमाळ आपण सर्वांनीं पाहिली आहे. तिच्यावरील प्रत्येक पणतींत तिचें तेल, तिची वात. वाऱ्यानें एक पणती मालवली, तरी शेजारणीला त्याची वार्ताही नसते. घरांतील निरनिराळ्या खोल्यांतले दिवे या जातीचे; प्रत्येकास पूर्ण दाबाची वीज स्वतंत्रपणें मिळते. विजेची माळ मात्र दीपमाळेसारखी नाहीं. ती साखळीसारखी आहे. आपल्याकडे घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. सहा व्होल्टांचा इवलासा दिवा त्यास थेट जोडला, तर क्षणांत जळून जाईल. म्हणून असे ३८ दिवे एकापुढें एक जोडतात. २३० ला ३८ नीं भागलें, कीं प्रत्येकाच्या वांट्यास सहा व्होल्टांहून किंचित् अधिक दाब येतो आणि सर्व दिवे सुखानें जळतात. वीजवाले यालाच ‘सिरीज’ म्हणतात. साखळीची एक कडी निखळली कीं साखळी तुटली. तसा एक दिवा गेला कीं माळ विझली.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सहा व्होल्टांचा दिवा म्हणजे निरुपद्रवी, असा पुष्कळांचा समज असतो. माळ जळत असतां प्रत्येक दिव्याच्या वांट्यास सहा व्होल्ट येतात, हें खरें; परंतु एक दिवा तुटला कीं प्रवाह थांबतो, आणि प्रवाह थांबला म्हणजे इतर दिवे आपआपला वांटा घेत नाहींत. मग सगळेच्या सगळे २३० व्होल्ट त्या एका तुटलेल्या जागेवर उभे राहतात. नळाची तोटी बंद केल्यावर पाणी वाहत नाहीं, पण टाकीचा सगळा भार तोटीवरच असतो, तसेंच हें. दिवा काढून रिकाम्या होल्डरांत बोट घालणारास घरच्या विजेचा पूर्ण झटका बसूं शकतो. मेलेली दिसणारी माळ जिवंत माळेहून अधिक घातक असते, ती यामुळें. केवळ बटन बंद करूनही भागत नाहीं. बटन चुकीच्या तारेवर बसविलेलें असल्यास माळेंत वीज राहतेच. म्हणून प्लग भिंतींतून उपसून आपल्या दृष्टीसमोर ठेवावा आणि मगच माळेस हात लावावा.

दिवा जातो कां? आंतील तार टंगस्टन धातूची असते. हा धातु ३४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो. तरीही तप्त तारेंतून त्याचे कण सावकाश उडत राहतात व कांचेला आंतून काळसर झांक येते. तार एखाद्या ठिकाणीं बारीक झाली, कीं तेथें ती अधिक तापते, म्हणून आणखी झिजते. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. त्यामुळें बटन दाबतांच क्षणभर मोठा प्रवाह धांवतो आणि त्या धक्क्यानें झिजलेली तार तुटते. दिवे बहुधा लावतांनाच कां जातात, याचें उत्तर हें.

आतां दोषाचा शोध. प्रथम प्रत्येक दिवा हलक्या हातानें पिळून घट्ट करावा. पुष्कळदां दोष सैल दिव्यांतच असतो. मग कांच काळवंडलेली किंवा तार तुटलेली दिसते का, तें उजेडांत पाहावें. एवढ्यानें न सांपडल्यास विजेरीचे दोन सेल एकापुढें एक ठेवून प्रत्येक दिवा काढून त्यांवर लावून पाहावा. चांगला दिवा मंद कां होईना, उजळतो.

घरीं मल्टीमीटर असल्यास याहून सोपी रीति आहे. प्लग काढलेलाच ठेवावा. मधला दिवा काढून मीटरची एक सळई प्लगच्या एका पिनेस लावावी व दुसरी मधल्या होल्डरच्या दोन्ही पत्र्यांस पाळीपाळीनें टेकवावी. कोणत्याही एका पत्र्याशीं मार्ग जुळला, तर त्या बाजूची अर्धी माळ निर्दोष. नंतर दुसऱ्या पिनेपासून उरलेली बाजू तपासावी. जी बाजू तुटलेली, तिचे पुन्हां दोन भाग करावे. ३८ चे १९, १९ चे १०, मग ५, ३, २ आणि १. अशा सहा पायऱ्यांत दोष हातीं येतो. दोन्ही बाजू तुटलेल्या निघाल्या, तर दोष दोन आहेत असें समजावें. काढलेला मधला दिवाही तपासण्यास विसरूं नये.

माळ उघडझाप करणारी असेल, तर तिच्यांत एक विशेष दिवा असतो. त्यांत दोन धातूंची जोडपट्टी असते; तापली कीं ती वांकून मार्ग तोडते, निवली कीं पुन्हां जोडते. तो दिवा गेल्यासही सबंध माळ विझते.

नवा दिवा त्याच व्होल्टांचा आणि तितकाच प्रवाह घेणारा हवा. माळेंतील सर्व दिव्यांतून प्रवाह एकच जातो. म्हणून कमी प्रवाहाचा दिवा बसविल्यास तो झळाळून लौकर जळतो, आणि अधिक प्रवाहाचा बसविल्यास तो मिणमिणतो.

दिवा मिळाला नाहीं कीं तो वगळून तारा थेट जोडण्याचा मोह होतो. त्याचा हिशेब पाहा. ३८ पैकीं तीन दिवे वगळले, तर उरलेल्या ३५ दिव्यांवर प्रत्येकीं ६.६ व्होल्टांच्या आसपास दाब पडतो. वाढ दिसावयास अल्प, शेंकडा साडेआठ; परंतु तारेच्या दिव्याचें आयुष्य दाबाच्या सुमारें तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणांत घटतें. म्हणजे तें जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतें. एकाचा भार इतरांवर टाकला, कीं इतरही भराभर खचतात.

तार तुटली असल्यास दोन्ही टोकें सोलून घट्ट पिळावीं, शक्य तर डांक द्यावा, आणि वर विजेच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळावी. दोन तारांचे सांधे समोरासमोर येऊं देऊं नयेत. आवरण ठिकठिकाणीं तडकलें असेल, तर ती माळ टाकून देणेंच शहाणपणाचें. गणपतीचे दिवस पावसाचे. ओल्या भिंतीवर, लोखंडी गजांवर किंवा पत्र्याच्या कडेला घरगुती माळ सोडूं नये. फ्यूजच्या जागीं जाड तार घालूं नये. घरांत ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारें संरक्षक बटन बसवून घेतल्यास, गळतीचा प्रवाह अंगांतून जमिनींत जाऊं लागतांच वीज तुटते. मात्र एकाच वेळीं दोन्ही तारांस स्पर्श झाल्यास तेंही उपयोगीं पडेलच असें नाहीं; म्हणून प्लग उपसण्याची संवय सोडूं नये.

आणि एक विनंति. हें काम मुलांना शिकवावें, पण आपण शेजारीं बसून. शोधून काढलेल्या एका दिव्यानें सबंध माळ उजळते, तेव्हां मुलाला जें समजतें, तें फळ्यावरील आकृतीनें सहसा समजत नाहीं. सण आनंदाचा जावा, एवढ्यासाठीं ही सावधगिरी.