पेशीच्या अंतरंगातील दिवे

सजीवांच्या शरीरातील घडामोडी पेशींमध्ये चालतात. त्या प्रत्यक्ष पाहण्याच्या मार्गात निसर्गाचीच एक मर्यादा आहे. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट अबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले की, सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगळे दिसू शकत नाहीत. पेशीतील प्रथिने तर अवघ्या काही नॅनोमीटर आकाराची असतात.

या कामी एक सागरी प्राणी, जेलीफिश, साहाय्यभूत ठरला. निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश बाहेर टाकणारे त्याच्यातील अनुस्फुरक प्रथिन ओसामू शिमोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. ही माहिती १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचे जनुक जिवाणू व कृमी यांच्या पेशींत घालून तेथेही हिरवा प्रकाश मिळविला. त्यामुळे हव्या त्या प्रथिनाला जणू दिवा बांधता येऊ लागला.

तथापि, दिवाळीच्या रात्री दूरच्या डोंगरावरून गावाकडे पाहिले असता उजेडाचा एकच पुंजका दिसतो. तेच दिवे थोडे थोडे, पाळीपाळीने लावून प्रत्येकाचे स्थान टिपल्यास साऱ्या गावाचा नकाशा तयार होईल. यासाठी प्रकाशाच्याच योगाने लागणारे व विझणारे प्रथिन हवे. २००४ मध्ये जपानमधील आत्सुशी मियावाकी यांच्या गटाने प्रवाळातील प्रथिनापासून बनविलेले ‘ड्रोन्पा’ निळ्या प्रकाशात विझते व जांभळ्या प्रकाशात पुन्हा उजळते. त्याच्या रंगद्रव्याची रचना प्रकाशाने बदलते, हे त्याचे कारण होय. २००६ मध्ये एरिक बेट्झिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाने उजळणारी प्रथिने वापरून पूर्वीच्या मर्यादेपलीकडील चित्रे मिळविली. या क्षेत्रातील कार्याबद्दल बेट्झिग, श्टेफान हेल व विल्यम मोअर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नवी प्रथिने घडविण्याची रीत शेतकऱ्यास परिचित वाटेल. जनुकात फेरफार करून ती जिवाणूंत वाढवितात, वसाहतींवर निरनिराळा प्रकाश टाकतात आणि बियाण्यासाठी उत्तम कणसे राखावीत तशा सरस वसाहती निवडतात. तीव्र प्रकाशाने जिवंत पेशीस इजा पोहोचते. मग जे पाहावयाचे तेच बिघडते. म्हणून अल्प प्रकाशात चालणारी व वारंवार उजळूनही न थकणारी प्रथिने शोधणे अगत्याचे आहे.

हे संशोधन म्हणजे औषध नव्हे. परंतु निरोगी पेशीचे कार्य कसे चालते व रोगात ते कोठे बिघडते, हे पाहण्याची दृष्टी त्यातून लाभते. आणि योग्य उपचाराची वाट अचूक निरीक्षणापासूनच सुरू होते.