शिक्षणातील संगणक : यंत्र आणि खेळते भांडवल

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी खडक, मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय आणि संरक्षण साहित्याचे कारखाने डोळ्यांसमोर उभे राहतात. २००५ साली या ओळखीत आणखी एका नावाची भर पडली. भारत व जपान यांच्या सहकार्यातून येथे माहिती तंत्रज्ञान, डिझाइन आणि निर्मिती या विषयांची केंद्रीय संस्था स्थापन झाली. संसदेच्या २०१४ च्या अधिनियमान्वये तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जाही लाभला. डुमना मार्गावरील या संस्थेत उद्याचे अभियंते घडतात, तर त्याच जिल्ह्यातील कुंडमसारख्या आदिवासीबहुल तहसिलीत प्राथमिक शाळेतील मुले अक्षरओळख आणि अंकओळख करून घेत असतात. या दोहोंमधील अंतर संगणकामुळे कमी होईल की वाढेल, हा प्रश्न केवळ जबलपूरचा नसून सर्वच विकसनशील देशांचा आहे.

बँकव्यवहारातील एक साधे तत्त्व या प्रश्नाचा उलगडा करण्यास उपयोगी पडते. कारखान्यासाठी यंत्रसामग्री घेतली, परंतु कच्चा माल, वीज, मजुरी आणि दुरुस्ती यांसाठी खेळते भांडवल राखले नाही, तर यंत्र धूळ खात पडते आणि त्यावरील घसारा मात्र दरवर्षी वाढत जातो. शिक्षणातील तंत्रज्ञानाचेही नेमके तसेच आहे. संगणक ही स्थिर मालमत्ता होय. शिक्षकाचा वेळ व प्रशिक्षण, मुलाच्या भाषेतील पाठ, अखंड वीज आणि वेळेवर दुरुस्ती हे तिचे खेळते भांडवल होय.

केवळ यंत्र पुरेसे नाही

मध्य प्रदेशाने या दिशेने लवकर पाऊल टाकले. २००० साली सुरू झालेल्या ‘हेडस्टार्ट’ योजनेत जनशिक्षा केंद्रांवर संगणक ठेवून परिसरातील प्राथमिक शाळांतील मुलांना त्यांचा लाभ देण्याची कल्पना होती. प्रत्येक शाळेला स्वतंत्र यंत्रणा देणे परवडत नसताना एका केंद्राची साधने अनेक शाळांनी वाटून घ्यावीत, हा त्यामागील विचार होता.

त्यानंतर ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही कल्पना जगभर गाजली. शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप देण्याचे स्वप्न त्यामागे होते. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली भारतातील पहिल्या प्रयोगांपैकी एक झाला. पेरू या देशाने तर ही योजना फार मोठ्या प्रमाणावर राबविली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती संगणक आले, त्यांचा वापरही वाढला. तथापि सुमारे सव्वा वर्षानंतर गणित आणि भाषा या विषयांत लक्षणीय प्रगती आढळली नाही. यंत्रे पोहोचली होती, अध्यापनाची पद्धत मात्र फारशी बदलली नव्हती.

लाभ कोठे झाला?

याउलट वडोदरा शहरातील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ देण्यात आले. एका संगणकावर दोन मुले बसत. गणितातील प्रगती स्पष्ट दिसून आली. मात्र कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात त्यातील बराचसा लाभ ओसरला, ही नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. खेळते भांडवल काढून घेतल्यावर उत्पादन मंदावते, ते असे.

दिल्लीत २०१५ साली ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीचा अभ्यास झाला. सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचे त्यातून निदर्शनास आले. वर्गात सहावीचा धडा चालू असताना अशा मुलाच्या पदरी काहीच पडत नाही. ही प्रणाली प्रथम मुलाची पातळी तपासते आणि तेथूनच पुढचा प्रश्न देते. सोबतीला लहान गटांत शिक्षकाचे मार्गदर्शनही होते. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत उल्लेखनीय सुधारणा झाली. पन्नास मुलांच्या वर्गात एका शिक्षकाला जे अशक्यप्राय असते, म्हणजे प्रत्येक मुलास त्याच्या पातळीवरून शिकविणे, ते काम यंत्राकडे सोपविले तरच त्याची किंमत वसूल होते.

टाळेबंदीतील धडा

२०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मध्य प्रदेशात व्हॉट्सॲप गटांवर पाठ पाठविण्यात आले आणि आकाशवाणीवरून ‘रेडिओ स्कूल’ सुरू झाले. जुलैपासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ हा उपक्रम राबविला गेला. सकाळी दहा वाजता पालकांनी थाळी वाजवून घरातच शाळा भरवावी, अशी त्याची योजना होती. रेडिओचा आधार का घ्यावा लागला, याचे उत्तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात सापडते. २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सुविधा होती.

त्याच काळात आफ्रिकेतील बोत्स्वाना देशात साध्या मोबाइलवर दर आठवड्यास गणिताचे उदाहरण संदेशाने पाठवून शिक्षकांनी पालक व मुलांशी दूरध्वनीवरून संवाद साधला. मुलांची प्रगती झाली. ज्यांना केवळ संदेश मिळाले, त्यांच्यात मात्र तसा फरक पडला नाही. महाग उपकरणापेक्षा माणसाचा आवाज अधिक उपयोगी ठरला.

पालकांची गुंतवणूक

आता ग्रामीण घरांतही स्मार्टफोन सर्रास आढळतो. ‘असर’ २०२४ च्या अहवालानुसार, तो वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात त्याचा शिक्षणासाठी उपयोग केला होता. समाजमाध्यमांसाठी वापर करणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्के होते. त्यामुळे उपकरण घरात आल्यावर पालकांची जबाबदारी संपत नाही, खऱ्या अर्थाने ती तेथून सुरू होते.

शुल्क आकारणारे ऑनलाइन अभ्यासक्रम निवडताना आर्थिक दक्षताही आवश्यक आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना यासंबंधी सावध केले होते. मोफत चाचणीच्या नावाखाली खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्यास संमती देऊ नये, तसेच शुल्काच्या हप्त्यांआड दडलेला कर्जकरार न वाचता स्वाक्षरी करू नये, असा त्या सूचनांचा आशय होता. कार्डावरून होणाऱ्या आवर्ती वजावटीची पूर्वसूचना किमान २४ तास आधी मिळणे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बंधनकारक आहे आणि दिलेली संमती ग्राहकास रद्दही करता येते. असा संदेश आल्यास तो दुर्लक्षू नये.

खर्च करण्यापूर्वी विनामूल्य साधनांचा विचार अवश्य व्हावा. शालेय अभ्यासासाठी २०१७ पासून ‘दीक्षा’ हे व्यासपीठ उपलब्ध आहे आणि त्यावर मराठी व हिंदीसह अनेक भारतीय भाषांतील पाठ आहेत. उच्च शिक्षणासाठी ‘स्वयं’ वरील अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात; प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरतेच शुल्क भरावे लागते.

कोणतीही गुंतवणूक करण्यापूर्वी तिचा परतावा कशातून येणार, हे पाहण्याची सवय सुजाण ग्राहकाला असते. मुलांच्या शिक्षणासाठी टॅबलेट घेतानाही तीच दृष्टी ठेवावी. पाठ मुलाच्या पातळीचा व भाषेचा आहे का, शंका विचारण्यास शिक्षक आहे का, आणि रोज अर्धा तास मुलाजवळ बसण्यास घरातील कोणी मोकळे आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर साधे उपकरणही पुरेसे ठरते.