टाकीतलं पाणी आणि गनमधलं पाणी

मागच्या जुलैमध्ये कल्याण पूर्वेतल्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये गाडी आणायला गेलो होतो. गाडी तयार नव्हती. बॉनेटवर बारीक फोड आले होते आणि पेंटरकाका सगळं घासून पुन्हा रंग मारायच्या तयारीत होते. "गनमधून पाणी येतं हो. रोज संध्याकाळी टाकी ड्रेन करतो, तरी येतं. ऑटो ड्रेन बसवला तर थांबेल का?"

माझी पीएचडी संघननावर आहे, म्हणजे वाफेचं पाणी कसं होतं यावर. तरी तेव्हा मी काकांना अर्धवटच उत्तर दिलं. पूर्ण उत्तर असं: ऑटो ड्रेन जरूर बसवा, त्याने टाकी वाचेल. पण गनमधलं पाणी एकट्या ऑटो ड्रेनने थांबणार नाही. ते दुसरं पाणी आहे. कसं, ते बघू.

टाकीत पाणी येतं कुठून?

"हवा दाबली की स्पंजसारखं पाणी पिळून निघतं" असं आपण ऐकलेलं असतं. ऐकायला सोपं आहे, पण त्यातून चुकीचं चित्र तयार होतं. मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने 1801 च्या सुमारास दाखवून दिलं की एखाद्या जागेत वाफ किती मावेल, हे तिथे हवा किती आहे यावर जवळजवळ अवलंबून नसतं. ते ठरतं फक्त तापमानावर. हवा दाबून भरलेली असो की विरळ, 40 अंशांना एक घनमीटर जागेत साधारण 51 ग्रॅमच वाफ मावते.

आता आठ लोकलची गर्दी एका लोकलमध्ये आली असं समजा. डोंबिवलीकरांना फार कल्पनाशक्ती लावावी लागणार नाही. बसायच्या जागा तेवढ्याच, मग उरलेले उभे. कॉम्प्रेसर हेच करतो. 7 बारचा दाब म्हणजे बाहेरची आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबलेली. जुलैत बाहेर 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता धरली, तर प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे 23 ग्रॅम वाफ असते. आठ घनमीटरची झाली 185 ग्रॅम. टाकीचं तापमान 40 अंश असेल तर मावणार 51. उरलेल्या 130-135 ग्रॅमचं पाणी होणारच.

तीन एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण 280 लिटर हवा ओढतो असं धरू. मोटर प्रत्यक्ष तासभर चालली की टाकीत पाव लिटरहून थोडं जास्त पाणी. दिवसात पाच तास चालली तर जवळजवळ दीड लिटर. जानेवारीच्या दुपारी, 30 अंश आणि 45 टक्के आर्द्रतेला, हाच आकडा निम्म्याखाली येतो. म्हणजे एकच सेटिंग बाराही महिने चालवणं बरोबर नाही.

ते पाणी काढायचं कशासाठी?

टाकी लोखंडी, आणि तिच्या आत ऑक्सिजनचा दाबही बाहेरच्या आठपट. तळाशी पाणी साचलेलं राहिलं की गंज तिथेच बसतो आणि पत्रा आतून पातळ होत जातो. बाहेरचा रंग मात्र नवा कोरा दिसतो.

220 लिटरच्या टाकीत 7 बारला साठलेली ऊर्जा एका झटक्यात सुटली तर ती साधारण दोन लाख ज्यूल भरते. एक टनाची गाडी वीस मीटर, म्हणजे सहा मजले वर उचलायला एवढी ऊर्जा लागते. डोंबिवलीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या तारखा कुणी विसरलेलं नाही. ते रासायनिक कारखान्यांतले स्फोट होते, त्यांची कारणं वेगळी आणि आवाका कितीतरी मोठा. पण दाबाची लाट काचांचं आणि माणसांचं काय करते, हे इथे वेगळं समजावून सांगायला नको.

1948 च्या कारखाने कायद्यात दाबाखालच्या यंत्रांसाठी 31 वं कलम लिहिलं गेलं. पण दोन-तीन माणसांच्या गाळ्यात टाकी तपासायला सहसा कुणी येत नाही. तिथे ड्रेन कॉक उघडणं हीच काय ती देखभाल. तो कॉक असतो टाकीच्या पोटाखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. आधी वाकायचं, मग हात काळे करायचे. साहजिकच चार दिवसांनी विसरायला होतं. ऑटो ड्रेनचा खरा फायदा हा की तो विसरत नाही.

कुठला घ्यायचा?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. फ्लोटवाल्यात फ्लशच्या टाकीसारखा तरंगणारा गोळा असतो. पाणी वाढलं की तो उचलला जातो आणि भोक उघडतं. वीज लागत नाही, पण गंज आणि तेलाच्या चिकट गाळाने तो अडकतो. दुसरा टायमरवाला: सोलेनॉइड व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी काही सेकंद उघडतो. स्वस्त आणि लहान गाळ्याला सोयीचा. तिसऱ्यात सेन्सर पाण्याची पातळी ओळखतो आणि पाणी गेलं की हवा निसटायच्या आत व्हॉल्व्ह बंद होतो. उत्तम, पण महाग.

टायमरवाला घेतलात तर सेटिंगकडे लक्ष द्या. 7 बार दाबाखाली 4 मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला पाव लिटरहून जास्त पाणी निघतं. म्हणजे जुलैतलं तासाभराचं पाणी बाहेर पडायला एक सेकंद पुरतो! त्यानंतर जाते ती फुकटची हवा, सेकंदाला सुमारे 14 लिटर. कुणी "जास्त वेळ ठेवलेलं बरं" म्हणून दर दोन मिनिटांनी दहा सेकंद लावलं, तर तासाला चार हजार लिटरच्या वर हवा गेली. कॉम्प्रेसरने तासभरात ओढलेल्या हवेचा हा चौथा भाग, आणि तेवढं वीजबिलही. दर पंधरा मिनिटांनी दोन सेकंद, हे पावसाळ्यातही पुरतं. हिवाळ्यात अर्ध्या तासाने केलंत तरी चालेल.

पाणी तयार होतं ते मोटर चालू असतानाच. म्हणून टायमरची वीज मोटरसोबत चालू-बंद होईल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, नाहीतर तो रात्रभर रिकाम्या गाळ्यात फुसफुसत राहील. ड्रेनच्या आधी एक बॉल व्हॉल्व्ह आणि एक जाळी हवीच. जाळी आठवड्याला धुवायची.

एक धोका ध्यानात ठेवा. ऑटो ड्रेन उघडा अडकला तर आवाजाने कळतं. बंद अडकला तर काहीच कळत नाही, आणि आपण निर्धास्त असतो. त्यावरचं टेस्टचं बटण रोज सकाळी एकदा दाबायचं. निघणारं पाणी पारदर्शक कॅनमध्ये धरा. त्यात तेल असतं, ते गटारात सोडलं तर पुढे वालधुनीत आणि खाडीतच जाणार. शिवाय पावसाळ्यात कॅन भरेनासा झाला, तर जाळी तुंबली असं समजायचं.

मग गनमधलं पाणी?

टाकीतलं पाणी काढून टाकलं तरी टाकीतून निघणारी हवा कोरडी नसते. त्या तापमानाला मावेल तेवढी सगळी वाफ तिच्यात असतेच. उभे होते ते उतरले, बसलेले तसेच पुढे आले. 40 अंशांची ही हवा नळीत 30 अंशांवर आली की मावणार 30 ग्रॅम, आणि बाकीच्या 20 ग्रॅमचं पाणी नळीतच होणार. टाकी तापून 60 अंशांवर गेली असेल तर 130 ग्रॅमपर्यंत वाफ मावते. मग टाकीत पाणी कमी दिसतं आणि गनमध्ये जास्त! पीयू रंगाच्या हार्डनरमधला आयसोसायनेट पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतो. बॉनेटवरच्या फोडांमागे तो असू शकतो.

उपाय एकच, गनपर्यंत पोचायच्या आधी हवा थंड करायची. कॉम्प्रेसर भिंतीपासून दूर, वारा लागेल असा ठेवा. टाकी ते गन रबरी नळीऐवजी सात-आठ मीटर धातूचा पाइप टाका, त्याला थोडा उतार द्या आणि शेवटी खाली ड्रेन काढा. गनकडे जाणारी जोडणी पाइपच्या वरच्या बाजूने घ्या. वॉटर सेपरेटर या पाइपच्या शेवटी लावा. काकांनी तो टाकीलाच लावला होता. सेपरेटर फक्त थेंब पकडतो, वाफ त्याच्यातून सरळ निघून जाते. रोजचं पीयूचं काम असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर. तो हवा तीन अंशांच्या आसपास नेतो आणि तिथे जेमतेम 6 ग्रॅम वाफ उरते.

शेवटचं, आणि यात तडजोड नको. ड्रेन बसवताना टाकीतला दाब पूर्ण शून्यावर आणा. तळाशी कुठे पाण्याचा ओघळ दिसला, टाचणीएवढं भोक दिसलं, तर त्यावर वेल्डिंग नाही आणि एम-सीलही नाही. ती टाकी भंगारातच द्यायची, कारण भोकाच्या आजूबाजूचा पत्राही तितकाच खाल्लेला असतो. जुन्या टाकीची हायड्रॉलिक टेस्ट जाणकाराकडून करून घ्या. ती पाणी भरून करतात, कारण पाणी दाबलं जात नाही. टाकी फुटलीच तर नुसती गळते, उडत नाही.

काकांना हे सगळं सांगायला पुन्हा जायचंय. जाताना एक रिकामा कॅन घेऊन जाणार आहे.